डाव्या कोपऱ्यातला जांभळा डाग

२२ सप्टेंबर २००२, रविवार
टीव्हीत बिघाड. वरच्या डाव्या कोपऱ्यात जांभळा डाग. बशीएवढा. बातम्या देणाऱ्या बाईचं कपाळ त्यात जातं. बाकी चित्र उत्तम. सेट तेरा वर्षांचा आहे, पण वापर माझा असल्यामुळे स्थिती चांगली.
सुवर्णा म्हणाली, सोमाला बोलवते. सोमा म्हणजे हिरावाडीच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिक. मी म्हणालो, गरज नाही. सातपूरच्या कंपनीत बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. फ्यूज, रिले, कंडेन्सर, सगळं माझ्या हातून गेलंय. ती म्हणाली, हातून गेलंय हो, बसवलंय कुठे?
ती पहाटे तीनला उठून फुलबाजारात जाते. संध्याकाळपर्यंत बोलण्यात कडवटपणा येणारच.
व्हीआरएस घेऊन दीड वर्ष झालं. वेळ भरपूर. उद्या सुरुवात.

२३ सप्टेंबर, सोमवार
सुरुवात झाली नाही. मुंबईहून टीव्हीच्या ऑफिसचा फोन आला. शेतीच्या कार्यक्रमात सुवर्णाचा भाग शुक्रवारी, ११ ऑक्टोबरला, संध्याकाळी साडेसहा वाजता. चार मिनिटं. पुन्हा दाखवणार नाहीत. कॅसेटही देत नाहीत, मी विचारलं.
शूटिंग गणपतीत झालं, मखमलाबादला, तिच्या माहेरच्या मळ्यात. झेंडू कधी खुडायचा, देठ किती ठेवायचा, ती सांगत होती. मी मागे उभा राहून मार्गदर्शन करत होतो. शेवटी तिने मध्येच वडिलांचं नाव घेतलं. कोणी विचारलं नव्हतं. हे सगळं मला बहिरू सखाराम पिंगळे यांनी शिकवलं, असं पूर्ण नाव, शाळेत हजेरी देतात तसं. कानाला हेडफोन लावलेला माणूस म्हणाला, ताई, नावं बहुतेक कापतात, वेळ कमी असतो.
तेव्हापासून तिचं एकच. नाव ठेवलं की कापलं, ते एकदा बघायचंय. सासऱ्यांनी चाळीस वर्षं सायकलवर पाट्या आणून बाजारात फुलं दिली. पाच वर्षांपूर्वी गेले, तेव्हा बाजार एक ताससुद्धा बंद राहिला नाही.
मी शब्द दिला. आपल्या घरात, आपल्या टीव्हीवर, आपल्या खुर्चीत बसून बघायचं. अठरा दिवस आहेत. मी जॉब कार्ड केलं. तक्रार: रंगदोष. निदान: चालू.

२५ सप्टेंबर, बुधवार
गुडघा बरा. चुंबकाचा गुण आहे. डोंगरे मैदानावरच्या प्रदर्शनातून दोन मोठे चुंबक आणले, त्याला आता पंधरवडा होईल. पाण्याची बाटली रात्रभर दोन चुंबकांच्या मध्ये ठेवायची, सकाळी अनशापोटी प्यायची. बाटली टीव्हीच्या वर ठेवतो, डाव्या बाजूला. उजवीकडे फुलदाणी आहे. दुसरीकडे कुठे ठेवली तर सुवर्णा हलवते. म्हणते, लोखंड स्वयंपाकघरात नको.
टीव्हीचं काम: केबलवाल्याला बोलावून वायर बदलून घेतली. तो म्हणाला, काका, डागाचा वायरशी संबंध नाही. मुलगा अडाणी आहे.
डाग आता ताटलीएवढा.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
जागेचा दोष असावा. टीव्ही उत्तरेच्या भिंतीवरून पूर्वेच्या भिंतीला नेला. एकट्याने. आधी बाटली आणि चुंबक उतरवले, मग सेट हलवला, मग बाटली आणि चुंबक होते तसे परत वर ठेवले. शिस्त म्हणजे शिस्त.
डाग सोबत आला.
कंबर धरली आहे.

२९ सप्टेंबर, रविवार
पार्ट बदलावा लागेल असं वाटतं. कोणता ते अजून नक्की नाही. पण पितृपक्ष चालू आहे, नवी वस्तू घरात आणता येत नाही. सुवर्णा म्हणाली, स्क्रू आणला तर पितर रागावतात का? मी म्हणालो, पार्ट नवाच असतो. जुना पार्ट आणून काय उपयोग?
थोडक्यात, ६ तारखेच्या अमावास्येपर्यंत खरेदी बंद. तोवर विचार करायचा. विचार हाच दुरुस्तीचा मोठा भाग असतो.
दुपारी झोप लागली.

१ ऑक्टोबर, मंगळवार
सासऱ्यांची तिथी. मखमलाबादला जेवण. खीर, वडे, गवारीची भाजी. कावळा लवकर शिवला.
मेहुणे देवराम पान वाढताना म्हणाले, दाजी, अकरा तारखेला अण्णांचं नाव येणार म्हणे टीव्हीवर. त्यांच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट आहे, तोही मुलांनी पाडून फोडला. मी म्हणालो, येईलच. सुवर्णा म्हणाली, ठेवलं असेल तर. मग म्हणाली, फुलं कुणाचीबी असली तरी हारावर नाव नसतं, एकदा तरी लोकांनी ऐकावं. माहेरी गेली की तिची भाषा बदलते.
येताना रिक्षात ती बाहेर बघत बसली. मी टीव्हीबद्दल बोललो.

३ ऑक्टोबर, गुरुवार
मला न विचारता सुवर्णाने सोमाला बोलावलं. मी भाजी आणायला गेलो होतो. परत आलो तर तो टीव्हीसमोर उभा. त्याने सेटला हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, काका, हे वर काय ठेवलंय?
मी त्याला चुंबक चिकित्सा समजावून सांगितली. उत्तर ध्रुव, दक्षिण ध्रुव, रक्ताभिसरण. त्याने दहा मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाला, काका, ते गुडघ्याला बांधा, डोक्याला बांधा, पण टीव्हीपासून लांब ठेवा. रंगीत नळीला चुंबक चालत नाही. आठ दिवस चालू-बंद करत राहा, डाग आपोआप जाईल. नाही गेला तर मी कॉइल फिरवून देतो, दोन मिनिटांचं काम. आणि काही झालं तरी मागचं झाकण काढू नका, बंद सेटमध्येसुद्धा करंट असतो.
एक रुपया घेतला नाही. जो पैसे घेत नाही त्याला स्वतःच्या निदानाची खात्री नसते.
सुवर्णा दारापर्यंत त्याच्यासोबत गेली. दोघं हसत होते.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
रात्री विचार केला. प्रत्येक टीव्हीत स्पीकर असतो. प्रत्येक स्पीकरमध्ये चुंबक असतो. आमच्या स्टोअरला स्पीकर होता, मागे हा एवढा चुंबक. म्हणजे कंपनीने स्वतःच नळीच्या शेजारी चुंबक बसवला आहे. तेरा वर्षांत तो बिघडला असणार. सोमाने वरचा पाहिला, आतला पाहिला नाही.
हे सुवर्णाला सांगितलं. ती हार ओवायच्या सुया आवरत होती. म्हणाली, तुमचे दोन चुंबक आठ दिवस माळ्यावर टाका, एवढंच करा माझ्यासाठी. मी म्हणालो, गुडघ्याचं काय? ती म्हणाली, बरोबर आहे.
तिच्या मनासाठी चुंबक टीव्हीवरून काढले. खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवले. बाटलीसकट.

५ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी ११
मागचं झाकण काढलं. आत तेरा वर्षांची धूळ. ब्रशने साफ केली. कामगाराची ओळख स्वच्छतेवरून होते.

दुपारी १२.३०
नळीपाशी हात गेला असता थोडी जाणीव झाली. मी दिवाणावर कसा पोचलो ते नीट आठवत नाही. स्क्रू ड्रायव्हर बाथरूमच्या दारात सापडला. उजवा हात अजून गरम आहे.
सोमाचं म्हणणं एका बाबतीत बरोबर होतं. त्याला सांगणार नाही.

संध्याकाळी ६
स्पीकर काढला. दोन वायरी कापाव्या लागल्या. आवाज अर्थातच बंद. डाग कायम आहे, उलट खालच्या बाजूला दुसरा आला. हिरवा. म्हणजे बिघाड आता बाहेर पडतोय. तापासारखंच असतं हे.
सुवर्णा आल्यावर तिने सेटकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या हाताला तूप लावलं. मग म्हणाली, आवाज येईल ना हो शुक्रवारी? मी म्हणालो, दोन वायरी जोडायच्या, पाच मिनिटांचं काम. आधी चित्र.

७ ऑक्टोबर, सोमवार
घटस्थापना. सुवर्णा रात्री एकलाच गेली. कालिकेच्या यात्रेचे हार, गल्लीबोळातल्या मंडळांचे हार, वणीला निघालेल्यांच्या गाड्यांचे हार. दुपारी चारला आली, बसल्याजागी झोपली. बोटं पिवळी, साबणाने जात नाहीत.
अमावास्या झाली. आता पार्ट आणायला मोकळा. पण पार्टची गरज नाही असं आजच्या अभ्यासावरून दिसतं. नळीच्या मानेवर प्लास्टिकच्या पातळ कड्या आहेत, बांगड्यांसारख्या. त्यांवर पांढरा रंग लावून त्या चिकटवून टाकल्या आहेत. साहजिकच त्या अडकल्या आहेत. ब्लेडने रंग खरवडला. कड्या मोकळ्या झाल्या. फिरवल्या.
डाग गेला! दोन्ही.
आता सगळं चित्र हिरवं आहे. पण एकसारखं हिरवं. प्रगती.

८ ऑक्टोबर, मंगळवार
हिरवा गेला, गुलाबी आला. चित्रातल्या प्रत्येक माणसाला तीन कडा दिसतात. लाल, हिरवी, निळी. अडचण अशी की कड्या मागे आणि चित्र पुढे. मागे फिरवायचं, पुढे येऊन बघायचं, परत मागे जायचं. आज अंदाजे दोनशे वेळा केलं.
गुडघा दुखतोय. चुंबकाचं पाणी दुप्पट करावं.

९ ऑक्टोबर, बुधवार
सोमाच्या दुकानावरून सहज चार वेळा गेलो. पाचव्या वेळी समजलं. तो सेटच्या समोर आरसा उभा करतो आणि मागे बसून आरशात चित्र बघतो. साधी गोष्ट. मलाही सुचलीच असती.
त्याने हाक मारली. काका, डाग गेला का? मी म्हणालो, डाग केव्हाच गेला. तो म्हणाला, बघा, सांगितलं होतं. मान हलवावी लागली.
कपाटाच्या दाराचा आरसा उतरवला. तीन फुटांचा आहे. भिंतीला टेकवला तर खाली जातो, खुर्चीवर ठेवला तर घसरतो. कोणीतरी धरायला हवं.

१० ऑक्टोबर, गुरुवार
समोरचा महेश आला. त्याने दसऱ्याच्या आधीच नवा एकोणतीस इंची घेतला आहे. म्हणाला, कारभारीभाऊ, उद्या वहिनींना घेऊन आमच्याकडेच या, आई वाट बघतेय, पोहे-बिहे करू. मी म्हणालो, आमचा तयार आहे. तो खिडकीतून आत बघत म्हणाला, मागचं झाकण लावायचं राहिलं वाटतं. मी म्हणालो, हवा लागावी म्हणून.
रात्री सुवर्णाने विचारलं, खरं सांगा, होईल का? नाहीतर सोमाला आत्ता बोलावते, तो येईल. मी म्हणालो, सोमा आला तर सुरुवातीपासून सगळं बिघडवेल. ती म्हणाली, मग महेशकडे जाते. मी म्हणालो, जा. मी काही अडवत नाही.
ती बराच वेळ कणीक मळत राहिली. मग म्हणाली, तिथे आठ माणसं असतील. अण्णांचं नाव आलं तर माझं काय होईल सांगता येत नाही, आणि नाही आलं तरी सांगता येत नाही. मला आपलं घरीच बरं.
म्हणजे तिचा विश्वास आहे. उद्या सकाळी सहाला काम सुरू. स्पीकर आधी.

११ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी १०
उशिरा जाग आली. स्पीकर दुपारी.

दुपारी ४
स्पीकरच्या वायरी आखूड पडतात. कापताना जास्त कापल्या गेल्या. चित्र महत्त्वाचं. लोक टीव्ही बघतात असंच म्हणतात.

रात्री ८
सविस्तर लिहितो.
सहाला सुवर्णा बाजारातून आली. गर्दी टाकून आली होती, हार लताबाईकडे सोपवून. लताबाईचं दुकान बाजारात तिच्या शेजारीच आहे, तिथेही छोटा टीव्ही आहे. अंघोळ केली, केस विंचरले, देवाला फूल वाहिलं, खुर्ची ओढून बसली. जणू तिला कोणी बघणार होतं.
मी म्हणालो, पाच मिनिटं आरसा धर, जवळ जवळ झालंय. तिने धरला. गुडघ्यांवर टेकवून, दोन्ही हातांनी. कार्यक्रम सुरू झाला. आधी कांद्याच्या चाळीबद्दल काही होतं. मी मागे, कड्यांवर हात. रंग येत होते, जात होते. हात सोडला की जात होते.
मग आरशात मळा दिसला. मी म्हणालो, आली, आली. ती उठायला लागली. आरसा हलला, चित्र गेलं. मी ओरडलो, हलू नकोस, आत्ताच जमतंय. ती बसली. मी म्हणालो, थोडा वर. तिने वर धरला. तिचं तोंड आरशाच्या मागे गेलं. कडेला फक्त बोटं दिसत होती.
तेवढ्यात जमलं. खरोखर जमलं. तीन कडांची एक कड झाली. झेंडू पिवळा, पानं हिरवी, आकाश जसं असतं तसं. इतकं स्वच्छ चित्र या सेटवर तो नवा होता तेव्हाही नव्हतं. मी श्वास धरून बसलो. ती मध्ये एकदा म्हणाली, नाव घेतलं का? मी म्हणालो, थांब. परत म्हणाली, अहो, ओठ बघा, शेवटी शेवटी घेतलंय. मी म्हणालो, हिरवा थोडा जास्त आहे, थांब.
नंतर द्राक्षाच्या छाटणीबद्दल सुरू झालं.
ती आरसा धरूनच बसली होती. मी म्हणालो, ठेव आता. तिने भिंतीला टेकवला. हाताला मुंग्या आल्या होत्या, चोळत होती. विचारलं, काय दिसलं? मी म्हणालो, रंग पक्के. तुझी हिरवी साडी हिरवीच्या हिरवी.
ती म्हणाली, साडी जांभळी होती.
मग उठून कुकर लावला.

१२ ऑक्टोबर, शनिवार
जॉब कार्डवर लिहिलं: चित्र सुधारलं, रंगात किरकोळ फरक, आवाज बाकी. सही करायची राहिली. दिवसभर सेट लावला नाही.
सुवर्णा नेहमीसारखी गेली, नेहमीसारखी आली. जेवताना मी म्हणालो, ओठ हलत होते नक्की. ती म्हणाली, बोलत होते तर हलणारच.
महेश जिन्यात भेटला. म्हणाला, काय दिसल्या वहिनी! आई तर दोनदा म्हणाली. मी म्हणालो, हो ना. त्याला विचारता आलं असतं. नाव घेतलं का, एवढंच. पण आमचा टीव्ही तयार आहे हे मीच त्याला सांगितलं होतं. जिना उतरून खाली गेलो, काम नसताना कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.

१३ ऑक्टोबर, रविवार
मेहुणे देवराम यांचा पोस्टाजवळच्या बूथवरून फोन. अण्णांचं नाव आलं का? सुवर्णा अंघोळीला होती. मी म्हणालो, लाइन नीट नाही, नंतर करतो. लाइन चांगली होती.
सोमाकडे जावं असं मनात येतं. तो हसेल. हसू दे. पण आता जाऊन काय, दाखवायचं ते दाखवून झालं.
ड्रॉवर उघडून चुंबक माळ्यावर टाकले. गुडघा आहे तसाच आहे. तसा तो आधीही होताच.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
दसरा. सुवर्णा कालपासून घरी नाही, माल रात्रभर उतरत होता. सकाळी मी डबा घेऊन बाजारात गेलो. दीड वर्षात पहिल्यांदा. झेंडूच्या ढिगाऱ्यांमधून वाट काढत. ती कुठे बसते ते दोघांना विचारावं लागलं.
ती हार ओवत होती. शेजारी लताबाई. मला बघून लताबाई म्हणाली, या या, टीव्हीवाले दाजी. तुम्हीच दुरुस्त केला ना, सुवर्णा सांगत होती. घरीच बघितलं म्हणे, एकदम निवांत, नवरा-बायको दोघंच. आम्हाला जळवायला.
मी मान हलवली. सुवर्णाने वर पाहिलं नाही.
लताबाई म्हणाली, आम्ही इथे पंधरा जण होतो डबड्यासमोर. शेवटी बापाचं नाव घेतलंस ना गं, मला रडूच फुटलं. हमालसुद्धा गप झाले.
सुवर्णाची सुई थांबली. दोन फुलं हातातच राहिली. मग तिने ती ओवली आणि विचारलं, नीट ऐकू आलं का गं नाव?
लताबाई म्हणाली, आता हे काय, तूच बघितलंस ना?
सुवर्णा म्हणाली, आमच्याकडे आवाज जरा बारीक होता.
लताबाईने सांगितलं. पूर्ण नाव. बहिरू सखाराम पिंगळे. सुवर्णाने विचारलं, मखमलाबाद म्हणाले का मी? लताबाई म्हणाली, म्हणालीस की, मखमलाबादचे. सुवर्णा म्हणाली, परत सांग ना, कसं म्हणाले मी? लताबाईने हसत हसत, तिच्या आवाजाची नक्कल करत, परत सांगितलं.
गिऱ्हाइकं थांबली होती. कोणीतरी ओरडत होतं, मावशी, पाच हार द्या की.
डबा कुठे ठेवू, मी विचारलं. कोणी ऐकलं नाही.